रिकामी पिशवी

रेल्वेतून रिटायर झालेल्या वासुदेवरावांसारखा गळ टाकणारा अख्ख्या रायपुरात नव्हता. गरियाबंदकडच्या डोंगरातल्या एका ओढ्यावर तर त्यांचा फार जीव. त्याच ओढ्यात पावसाळ्यात मासे अंडी घालायला येतात, तिथं मासेमारी थांबवा, असं त्यांचीच पोरगी शर्मिष्ठा सगळ्यांना सांगत सुटली, तेव्हा बाप-लेकीचं बोलणंच बंद झालं. बुढापारा मोहल्ल्यातली गळवाली मंडळी तिला हसली आणि पावसाळ्याची वाट बघत बसली.

त्या पावसाळ्यात वासुदेवराव आधी एकटेच जाऊन आले, ते रिकामी पिशवी घेऊन. पुढच्या रविवारीही तेच.

"वो नाला खतम हो गया, भैया. एक मछली नहीं," ते मित्रांना म्हणाले.

"मछली है, आपका हाथ चला गया!" मित्रांनी यथेच्छ चिडवलं. पण यांना मिळत नाही तिथं आपल्याला काय मिळणार, म्हणून ओढ्याकडे कोणी फिरकलंच नाही.

हे कानावर आलं तशी शर्मिष्ठा धावत चौबे कॉलनीतल्या घरी आली. किती महिन्यांनी ती बाबांशी बोलत होती.

"बाबा, खरंच संपले का हो मासे?" आत शिरता शिरताच तिनं मोठ्यानं विचारलं.

"हळू बोल!" बाबांनी आधी दार लोटलं, मग गालात हसले. "संपतील काहून? नुसते पाय सोडून बसलो पाण्यात, तर अंगठे कुरतडून राहिले पोट्टे!"