उपरं गाणं

"दुसऱ्या अंकातलं ते वॉल्ट्झचं गाणं मेलंय हो, टिडमार्श," नाटकाचा मालक बॅसेट म्हणाला. "प्रेताला पावडर लावून उभं करता येत नाही. मी एक उपरं गाणं घालतो."

उपरं म्हणजे दुसऱ्या संगीतकाराचं. लंडनच्या नाटकमालकांची ही जुनी खोड. संगीतकार ऑगस्टस टिडमार्शच्या अकराही नाटकांत असं एखादं गाणं घुसडलं गेलं होतं, आणि दर वेळी दूधवाल्यांच्या शिट्टीवर चढलं ते तेवढंच.

"करारात लिहिलंय," ऑगस्टस म्हणाला. "बाहेरचा एक सूरही नको. नाहीतर चालींची वही उचलतो आणि घरी जातो."

"न्या. आणि जाताजाता मातीही द्या तिला."

हे त्याने बॅसेटच्या ओठांवरून वाचलं. दोन वर्षांपूर्वी त्याचे कान पार गेले होते. ते फक्त बायकोला, मॉडला, ठाऊक होतं. बाहेर फुटलं असतं तर पुन्हा काम कुणी दिलं नसतं. तो डोक्यातच चाली बांधून वहीत उतरवी आणि मॉड प्रत्येक वादकाची वेगळी प्रत लिहून काढी. लग्नाआधी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. अक्षर मोत्यासारखं होतं.

घरी चहा ओतून ती त्याच्यासमोर बसली. सावकाश म्हणाली, "गस, चाल जराशी बदलली तर?"

"आता तूही शिकव मला! तुझं काम नक्कल करायचं. तेवढं कर."

"बरं," मॉड म्हणाली.

चार दिवसांनी बॅसेट आपणहून हात पुढे करत आला. "जाऊ द्या. बाहेरचं गाणं घालत नाही. शब्द दिला."

ऑगस्टसला वाटलं, धमकी लागू पडली.

पहिल्या प्रयोगाला संगीतकाराने स्वतः वादकांपुढे उभं राहून हाताने ताल द्यायचा, ही तिथली रीत. ऑगस्टस चौथऱ्यावर चढला. समोर त्याची वही, पाठीमागे पहिल्या रांगेत मॉड. नायिकेचे ओठ आणि व्हायोलिनचे गज बघत त्याने निभावून नेलं. वॉल्ट्झच्या गाण्यात क्लॅरिनेटवाल्याने वाद्य फार आधी तोंडाला लावलं. गाढव लेकाचा, ऑगस्टस मनात म्हणाला.

गाणं संपलं आणि पायांखालची फळी थरथरली. तो वळला. वरची स्वस्त गॅलरी उभी राहिली होती, टोप्या हवेत उडत होत्या. ओठ वाचणं सोपं होतं: वन्समोअर! पाच वेळा गाणं परत झालं. तो पुन्हा समोर वळला, तेव्हा वादक गजांनी स्टँड बडवत होते. सगळ्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, प्रेक्षकांकडे.

खेळ संपल्यावर बॅसेटने त्याला मिठी मारली. "उद्या अख्खं लंडन गुणगुणणार!"

"आणि बाहेरचा एक सूर नाही," ऑगस्टस म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"छे! सगळं घरचंच," बॅसेट म्हणाला.

वादक निघून गेले होते. आठवण म्हणून ऑगस्टसने पहिल्या व्हायोलिनच्या स्टँडवरून त्या गाण्याची प्रत उचलली. मॉडचं मोत्यासारखं अक्षर. वर गाण्याचं नाव त्याने दिलेलं, पट्टी त्याचीच, लांबीही तेवढीच.

खालच्या सुरांतला एकही त्याचा नव्हता.