पुढचं मॉडेल

"आई, हा डबा आता तरी टाकून दे," मुलगा वैतागून म्हणाला. "दुपार झाली की तुझा फोन मेलेलाच! पिंकीला शाळेतून आणायचं असो, गॅसवाल्याला दार उघडायचं असो, तुला सांगायचं तरी कसं? उद्याच नवीन घेऊ."

"घाई कशाला रे? पुढचं मॉडेल येऊ दे."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस!"

"मग? आलं ना ते? आता त्याच्या पुढचं येईल."

सुनेने समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं, "अहो आई, नव्या फोनमुळे तुम्ही कुठे आहात तेही आम्हाला घरबसल्या दिसेल."

"हो का? मग तर थांबलेलंच बरं," असं म्हणत आईने सगळ्यांचे डबे भरले, ओटा पुसला आणि पर्स उचलली.

दुपारी ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत स्टिअरिंगमागे बसली. फोनला नवी बॅटरी तिने केव्हाच घालून घेतली होती. ती अजून जवळजवळ भरलेली होती. रोजच्यासारखा तिने तो स्वतःच्या हाताने बंद केला आणि पट्टा लावत म्हणाली, "चला मास्तर, आज गल्लीबोळ पुरे. मोठ्या रस्त्याला घेते."