नाक्यावरची ज्वारी

गोष्ट १९३०च्या सुमाराची. पिकांवर कीड येऊ नये म्हणून संस्थानातून बी-बियाणं आणायला त्या वर्षी बंदी झाली होती, आणि मोलगीकडच्या एका पाड्याच्या शिवारातच सरकारी नाका बसला होता. त्या पाड्यातली फुलीबाई आणि तिचा नवरा दलसिंग हद्दीपलीकडच्या याहामोगी देवीला मूठभर ज्वारी दाखवून परत येत होते. ते दाणे पाड्याच्या मातीत पडेपर्यंत तिथे कुणीच पेरणार नव्हतं, आणि पेरणीचे दिवस सरत आले होते.

नाकेदार पितांबरनं पुरचुंडी काढून घेतली.

"दादा, आमनाच खेतनी जुवार शे. देवीले दखाडी आनी," फुलीबाई म्हणाली.

"मंग देवीना दाखला आन, कीड नही म्हनीसन."

"देवीना घर कीड कशी ऱ्हाई?"

"तुन्ही देवी संस्थानमा ऱ्हास, माय. मी सरकारना नोकर शे."

हुकूम होता, जाळा किंवा पुरा. नाक्याचं छप्पर गवताचं आणि वारा सुटलेला, म्हणून पितांबरनं पुरायचं ठरवलं. पलीकडची जमीन संस्थानची, तिथे खणणं नियमात बसत नव्हतं. त्यानं अलीकडे खड्डा खणला, सगळे दाणे त्यात टाकले, माती लोटली आणि पायानं नीट दाबली.

फुलीबाईनं त्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला.


"चाल," ती दलसिंगला म्हणाली, "पाडामा सांगू, सरकारना हातनी पेरनी व्हयनी."