स्टिअरिंगवरचं बोट

समोरून क्लेटनचा पिकअप येत होता. हार्लनने आपल्या हाताला मनातल्या मनात हुकूम सोडला. पहिलं बोट स्टिअरिंगवरून जरासं उचलायचं, एवढंच तर काम. बोट उठलं नाही. क्लेटननेही आपलं उचललं नाही. मान ताठ ठेवून तो धूळ उडवत निघून गेला.

नॉर्थ डकोटाच्या त्या सरळसोट रस्त्यांवर गाडी दिसणंच दुर्मीळ. म्हणून जी दिसेल तिला बोट उचलून रामराम करायचा, असा तिकडचा रिवाज. अख्खा हात हलवतो तो परगावचा. नुसती मान हलवली, तर काचेवरच्या उन्हात ती कुणाला दिसत नाही. आणि जो बोटच उचलत नाही त्याचं आपल्याशी बिनसलंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हार्लन याच रस्त्यांवर टपाल टाकत म्हातारपणाला टेकला होता. यंदाच्या हिवाळ्यापासून मात्र त्याचं सगळ्या तालुक्याशी बिनसलं होतं.

मिसेस लुंडच्या टपालपेटीपाशी त्याने गाडी थांबवली. म्हातारी वाटच बघत होती. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत हिनेच त्याचे कान पिळले होते.

"माझी पिल्लं आली?"

"आली. ऐका की." मागच्या सीटवर, भोकं पाडलेल्या खोक्यात टपालाने मागवलेली कोंबडीची पिल्लं कलकलाट करत होती.

"ती दे नंतर. आधी मला सांग, आमचं काय चुकलं?"

"कुणाचं?"

"माझं, क्लेटनचं, सगळ्या गावाचं. क्लेटन बिचारा किती वेळा बोट उचलून थकला, तू ढुंकून बघत नाहीस म्हणे. चर्चच्या छपराला त्याने निवडलेला रंग आवडला नाही तुला?"

"छपराशी माझं काय भांडण?"

"मग शनिवारी पत्ते खेळायला का येत नाहीस? तुझी खुर्ची मांडून बसतो आम्ही मूर्खासारखे."

पत्ते हातात धरवत नाहीत, हे हार्लनच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. मिसेस लुंडचा भाचा डीन गावचा पोस्टमास्तर होता.

तो उतरला, मागचं दार कोपराने ओढलं आणि खोकं दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून उचललं. वजन असं काहीच नव्हतं. तरी दोन पावलांवर ते सटकलं. पिल्लांनी एकच ओरडा केला. म्हातारीने पुढे होऊन खोकं छातीशी धरलं आणि मग तिची नजर त्याच्या हातांवर गेली. सांधे टरारून सुजले होते. बोटं एका बाजूला कलली होती.

"हे काय रे?"

"थंडीने आखडलेत."

"मे महिन्यात?"

हार्लनने हात खिशात घालायचा प्रयत्न केला. तोही जमला नाही.

"संधिवात आहे," तो म्हणाला. "फार्गोला मोठ्या डॉक्टरकडे जातो. इंजेक्शन चालू आहे. येत्या हिवाळ्यापर्यंत फरक पडेल म्हणतात. पडला तर."

"एवढ्या लांब एकटाच जातोस?"

"मग काय, बँडबाजा घेऊन जाऊ?"

ती हसली नाही. "डीनला सांग की. तो काही राक्षस नाही."

"नाहीच. सरळमार्गी आहे, म्हणून तर वर कळवेल. मग माझी तपासणी होईल. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की इंजेक्शन गेलं, आणि इंजेक्शन गेलं की हे हात कायमचे गेले."

म्हातारीने खोकं दुसऱ्या हातावर घेतलं.

"निदान क्लेटनला सांगते. फार मनाला लावून घेतलंय रे त्याने."

"क्लेटनला सांगितलं, की जेवायच्या आत डीनला कळलंच म्हणून समजा."

तेही खरं होतं. क्लेटनच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"मग मी काय सांगू लोकांना? मला येऊन विचारतात सगळे."

हार्लनने मनगटाने दार लोटलं आणि गाडीत बसला. गावात त्याला कुणी शत्रू नव्हता. आता घरी गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं, आणि रेडिओची खुंटी त्याला पिळवत नव्हती. त्याला फार एकटं वाटत होतं.

"सांगा, हार्लनला माज आलाय."

"तुला? माज?"

तेवढ्यात मागून पिकअपचा आवाज आला. क्लेटन शेतावर चक्कर मारून परतत होता. मिसेस लुंडला बघून त्याने गाडी हळू केली, काच खाली घेतली. हार्लनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सरळ समोर बघत राहिला.

"काय म्हणताहेत आमचे लाटसाहेब?" क्लेटनने म्हातारीला विचारलं. पण बघत होता तो हार्लनकडेच. अजूनही त्याला काहीतरी ऐकायचं होतं.

मिसेस लुंडने खोकं आणखी घट्ट धरलं.

"माज आलाय मेल्याला," ती मोठ्याने म्हणाली. "दुसरं काय!"

"मला वाटलंच होतं," क्लेटन म्हणाला. काच वर गेली आणि पिकअप निघाला.

दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"बरं सांगितलंत," हार्लन म्हणाला आणि त्याने गाडी सोडली.

बऱ्याच पुढे गेल्यावर त्याने आरशात पाहिलं. म्हातारी अजून रस्त्याच्या मधोमध उभी होती. खोकं एका काखेत होतं, आणि दुसऱ्या हाताचं एकच बोट तिने वर धरलं होतं.

हार्लनने मान हलवली. इतक्या लांबून, काचेवरच्या उन्हात, म्हातारीला ती दिसणार नव्हती.