दोन हातांचा चौकोन

खड्डा चौकोनी होता. लांबी दोन हात, रुंदी दीड. चारही कोपऱ्यांना खिळे आणि खिळ्यांना ताणलेली सुतळी. रखमाजी आत गुडघ्यांवर बसून खुरप्याच्या टोकाने माती सोलत होता, एका वेळी बोटाच्या पेराहून जास्त नाही. सोललेली माती तो पाटीत भरून वर द्यायचा आणि काठावर बसलेली त्याची बायको म्हाळसा ती चाळायची. चाळणी पिठाची होती.

पाटसच्या अलीकडे हैदराबादकडे जाणारा हायवे चारपदरी करायचं काम त्यांच्या बांधापर्यंत आलं होतं. मागे मुरमाचा ढीग, पुढे त्यांची बाभळ, मध्ये पोकलेन. जुन्या रस्त्यावरून आंध्र आणि कर्नाटकच्या नंबरांचे ट्रक जात होते.

पोकलेन चालवणारा सैफ दौंडचा होता, या कामावर नवा. केबिनमधून वाकून तो म्हणाला, "मामा, ह्या खुरप्यानं हैदराबाद कवा गाठायचं? हंडा पुरलाय का काय?"

रखमाजी माती सोलत राहिला.

"लेक हाय," म्हाळसा म्हणाली. "बावीस दिसांची व्हती."

सैफने इंजिन बंद केलं. खाली उतरून, चपला काढून तो सुतळीच्या बाहेर उकिडवा बसला.

"कवाची गोष्ट, मामी?"

"तेवीस वर्सं झाली."

"मग आता..." त्याने घड्याळात पाहिलं. "सायेब बाराला येत्यात. तवर खोदा."

"इनामगावात तीन हजार वर्सांची निघाली," रखमाजी खालूनच म्हणाला. "पोरंच. घराच्या भुईखाली, मडक्यात. पुण्याच्या लोकांबर जुनं गाव खणायच्या कामाला व्हतो मी, ब्रशनं काढली म्या. बोटाची हाडंसुदिक शाबूत." त्याने भरलेली पाटी वर दिली. "त्यांनी मडक्यात ठिवली व्हती. म्या नुसती घोंगडीत."

"तवा मडकं कुठलं सुचतंय," म्हाळसा म्हणाली.

रस्त्याची मोजणी होऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तो तिला विचारत होता, हलवायची का ऱ्हाऊ द्यायची? ती म्हणायची, बघू. आज सकाळीही तिने काही सांगितलं नव्हतं. तो खुरपं घेऊन निघाला, तशी ती चाळणी घेऊन मागोमाग आली.

सव्वा अकराच्या सुमारास मातीचा रंग बदलला. वरची भुसभुशीत काळी माती संपून खाली पिवळट, घट्ट, कधीच कुणी न हलवलेली माती लागली. त्याचा अर्थ रखमाजीला माहीत होता. तेवीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः खणलेला खड्डा इथे संपत होता. तरीही तो आणखी दोन पेरं खाली गेला.

तिथे त्याला काहीतरी पांढरं मिळालं, करंगळीच्या नखाएवढं. धोतराला पुसून त्याने ते जिभेच्या टोकाला लावलं.

"हाड आसलं तर जिभंला चिकाटतं," त्याने सैफला सांगितलं. "इनामगावच्या खोदकामावरल्या बाईंनी शिकवलं व्हतं. चुनखडीचा खडा आसला तर पडतो."

ते तळहातावर पडलं. त्याने पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याने त्यावर बोट दाबून धरलं.

"चिकाटलं," बोट न काढता तो कसंबसं म्हणाला.

सैफने दुसरीकडे पाहिलं.

म्हाळसा चाळणी ठेवून खड्ड्यात उतरली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"उठा," ती म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ द्यायची तिला."