अडतीस टक्के

ही २०२२ची गोष्ट. कडावच्या आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर सुरू होईना. आमचा मुलगा अनुपम जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा आवाज तेवढा त्यात उरला होता.

कर्जतहून तेजश्री आली. दुरुस्तीचं दुकान तिचंच. "काकू, विंडोज नव्याने टाकते. आवाजाला धक्का नाय लागणार."

अडतीस टक्क्यांवर सगळं थांबलं. तिने सीपीयूचं झाकण उघडलं. पंख्यात लाल अक्षता होत्या.

"याची पण पूजा करता?" ती हसली.

दसऱ्याला अनुपम करायचा. त्याच्यानंतर कुणी केली नव्हती.

तिने ब्रशने दाणा न् दाणा काढला. पुन्हा अडतीस. झाकण उघडलं, तर पुन्हा तेवढ्याच अक्षता.

"राहिल्या असतील गं," माझे यजमान म्हणाले.

"नाना, मी सगळ्या काढल्या."

"मग परत काढ. पाया पडतो तुझ्या, पण तो आवाज वाचव."

तिसऱ्यांदा तिने बोट आत घातलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाला कुंकू लागलं होतं, ओलं.

तेजश्रीने त्याच महिन्यात दुकान विकलं. आता पनवेलला शिलाई करते. नाना दिवाळीआधी गेले. मी आहे. आवाज काढून देतो म्हणणारे अजून येतात. झाकण उघडायची गोष्ट निघाली, की मी त्यांना चहा देऊन परत पाठवते.