म्हसोबाचं बेट

पाऊस सगळा नदीच्या वरल्या अंगाला, नाशकाकडं होता. इथं नाथसागरावर मात्र कडक ऊन पडलं होतं. धरणाच्या पाण्यातल्या एका इवल्याशा बेटावर होडीवाल्या अप्पारावांनी मोनालीला सकाळीच उतरवलं. ती संभाजीनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, बेटावरची झाडं आणि जनावरं नोंदवायला आली होती.

"हे बेट म्हसोबाचं हाय, ताई. चपला इथंच काठावर, देवाच्या धोंड्यापाशी काढा. चार वाजता न्यायला येतो."

दुपारपर्यंत वहीत तरवड, रानतुळस, बाभूळ असं बरंच काही उतरलं, जनावर मात्र एकही नाही. डबा खाऊन ती टेकाडाच्या माथ्यावर चढली आणि जागच्या जागी थिजली. दोन ससे, एक मुंगूस, घोरपड, आणि बाभळीच्या बुंध्याशी वेटोळं घालून बसलेली घोणस. तिच्यापासून हातभर अंतरावर उंदीर होते. घोणस त्यांच्याकडं बघत नव्हती, उंदीर पळत नव्हते. मुंगूस तर मोनालीच्या अनवाणी पायाला घासून गेलं, तिला भ्यालंसुद्धा नाही.

तिनं फोन लावला. "अप्पाराव, इथली जनावरं कशीतरीच वागतायत हो! सगळी माथ्यावर दाटीवाटीनं बसलीत."

"देवाची हायेत ती, काय नाय करत. तुम्ही खाली म्हसोबापाशी थांबा, आलोच मी."

ती जीव मुठीत धरून उतारावरून धावत सुटली.



धोंडा कुठंच दिसेना, आणि तिच्या चपला लांब पाण्यावर तरंगत चालल्या होत्या.